नवा की-बोर्ड, जुनं मशीन: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागात लग्नपत्रिका छापणारा एक प्रेस आहे. तिथलं विंडोज एक्सपीचं मशीन अजूनही रोज सकाळी सुरू होतं. पत्रिकांचे जुने साचे, गिऱ्हाइकांची यादी, मराठी फॉन्ट, सगळं त्याच्यातच आहे. मशीन धडधाकट आहे, पण की-बोर्डची निम्मी बटणं बसली आणि बाजारात आता मिळतात ते यूएसबीवाले. इतवारीतल्या ठोक दुकानांत, सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आसपास बसणाऱ्या टायपिस्टांकडे, घरी पडून असलेला कॉम्प्युटर मुलीच्या टायपिंगसाठी पुन्हा लावणाऱ्यांकडे हाच प्रसंग येतो. मी अशी मशीनं बघतो, आणि तेच ते प्रश्न ऐकतो. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

माझं मशीन किती जुनं आहे, हे कसं ओळखायचं?

वर्ष आठवत बसू नका. सीपीयूचा डबा फिरवा आणि मागची सॉकेटं बघा.

पाच पिनांचं मोठं, गोल सॉकेट असेल, जवळजवळ अंगठ्याएवढं रुंद, तर ते एटी जातीचं मशीन. हे नाव आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी एटीवरून पडलं. सहा पिनांचं छोटं गोल सॉकेट म्हणजे पीएस/२. तेही आयबीएमचंच, १९८७ च्या पीएस/२ मालिकेतलं. पुढे त्याला रंग आले: जांभळं की-बोर्डचं, हिरवं माउसचं. अलीकडच्या बोर्डांवर अर्धं हिरवं, अर्धं जांभळं असं एकच सॉकेट दिसतं. त्यात दोन्हींपैकी काहीही चालतं. चपटं, आयताकृती सॉकेट म्हणजे यूएसबी. त्याचं पहिलं मानक १९९६ चं, पण घरगुती मशीनवर ते धडपणे चालू लागलं विंडोज ९८ पासून.

मोठं गोल आणि छोटं गोल यांची भाषा एकच आहे, फरक फक्त तोंडाचा. त्यामुळे एटी मशीनला पीएस/२ की-बोर्ड जोडायला साधा, तारेला तार लावणारा कनेक्टर पुरतो. अपवाद एकच, १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीच्या आणि एक्सटीच्या जातीची मशीनं. त्यांचं सॉकेट दिसायला अगदी एटीसारखंच, पण बोलणं वेगळं.

यूएसबी की-बोर्डला तो हिरवा किंवा जांभळा छोटा कनेक्टर लावला. बसला नीट, पण एकही अक्षर उमटत नाही. कनेक्टर खराब आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "भाऊ, लाइट तर लागला, पण टाइप होऊन नाही ऱ्हायलं," असं म्हणत लोक तो कनेक्टर बदलून आणतात, दुसरा लावतात, तिसरा लावतात. कनेक्टर बहुतेक वेळा चांगलाच असतो.

आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे पैसे वाचतील. पीएस/२ च्या वायरीत कामाच्या तारा चार: पाच व्होल्टची, अर्थची, एक डेटाची आणि एक क्लॉकची. तुम्ही बटण दाबलं की की-बोर्ड स्वतः क्लॉकचे ठोके देतो आणि त्या तालावर बटणाचा नंबर पाठवतो. म्हणजे तिथे की-बोर्ड आपणहून बोलतो. यूएसबीची रीत उलटी. तिथे संगणक दर काही मिलिसेकंदांनी विचारतो, "काही आहे का?", आणि विचारलं तरच की-बोर्ड उत्तर देतो. तारा तिथेही चारच, पण बोलण्याची रीत पूर्ण वेगळी.

त्या छोट्या कनेक्टरच्या आत काहीच नसतं, नुसत्या तारा. तो भाषांतर करत नाही, फक्त तोंड बदलतो. मग तो बाजारात आला कशाला? कारण एका काळात बरेच की-बोर्ड आणि माउस दोन्ही भाषा जाणणारे येत. त्यांच्यातली चिप चालू होताना आपण कुठे लागलो आहोत ते ओळखायची आणि त्याप्रमाणे बोलायची. तसल्या की-बोर्डसोबत हा कनेक्टर खोक्यातच यायचा. आज विकले जाणारे बहुतेक की-बोर्ड फक्त यूएसबी जाणतात. दिवा लागतो, कारण पाच व्होल्ट पोचतात. वीज पोचली म्हणजे बोलणं जुळलं, असं होत नाही.

तुमचा की-बोर्ड दुभाषी आहे का, हे बघायची सोपी खूण आहे. मशीन बंद करून तो कनेक्टरसह लावा, मग मशीन चालू करा आणि नम लॉक दाबा. नम लॉकचा दिवा लागतो-विझतो आहे? मग झालं, कारण तो दिवा लावायचा हुकूम संगणकाकडून येतो. दोघांचं बोलणं सुरू असल्याशिवाय तो हलत नाही. जागचा हलला नाही तर कनेक्टर पिशवीत परत ठेवा. आणखी एक: अस्सल पीएस/२ की-बोर्ड मशीन चालू होताना स्वतःची तपासणी करतो, त्या क्षणी त्याचे तिन्ही दिवे एकदा चमकतात.

मग कोणता कन्व्हर्टर मागायचा?

दुकानात जाऊन "पीएस/२ यूएसबी कन्व्हर्टर द्या" म्हटलंत तर दहापैकी नऊ वेळा उलटा मिळेल. एका टोकाला यूएसबीचा प्लग आणि दुसऱ्या टोकाला जांभळं-हिरवं अशी दोन सॉकेटं असलेली वायर लटकलेली दिसते, ती *जुना* की-बोर्ड *नव्या* मशीनला लावायची. आपल्याला हवा आहे *नवा* की-बोर्ड *जुन्या* मशीनसाठी. तो कन्व्हर्टर कमी मिळतो आणि महाग असतो, कारण त्याला संगणकाचं सोंग घ्यावं लागतं: यूएसबी की-बोर्डला सतत विचारत राहायचं आणि मिळालेलं उत्तर पीएस/२ च्या तालात पुढे द्यायचं. त्यासाठी आत एक छोटा प्रोसेसर लागतो.

विकत घेताना असं सांगा: "यूएसबी की-बोर्ड पीएस/२ मशीनला लावायचा आहे, आत चिप असलेला द्या." दुकानदाराने तारेचा नुसता तुकडा पुढे केला तर नको म्हणा.

हाताने काही करायची आवड असेल तर दोन चांगल्या वाटा आहेत. 'हिडमॅन' नावाचा एक खुला प्रकल्प आहे. त्याचा छोटा बोर्ड यूएसबी की-बोर्ड आणि माउस एटी, पीएस/२, अगदी एक्सटी मशीनलाही जोडून देतो आणि माउस सिरियल पोर्टवर चालवतो. दुसरा 'पीएस२एक्स२पिको'. २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको बोर्ड घेऊन त्यात हे फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, टाकायचं. पिको ३.३ व्होल्टवर चालतो आणि पीएस/२ पाचवर, त्यामुळे मध्ये व्होल्टेज जुळवणारा छोटा बोर्ड घालावाच लागतो. तो वगळून सरळ तारा जोडू नका. इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकला जाणारं पोर घरात असेल तर एका सुट्टीचं काम आहे.

यूएसबी पोर्ट आहे. विंडोज उघडल्यावर की-बोर्ड छान चालतो, पण त्याआधी डिलीट दाबून बायोसमध्ये जाता येत नाही, एफ ८ चा मेनूही येत नाही. असं का?

विंडोजकडे यूएसबीचा ड्रायव्हर असतो. विंडोज उठण्याआधी घर बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या, ताब्यात असतं, आणि जुन्या बायोसला यूएसबी की-बोर्ड कळायला एक सेटिंग चालू असावी लागते. कुठे तिचं नाव 'यूएसबी की-बोर्ड सपोर्ट', कुठे 'यूएसबी लेगसी सपोर्ट'. ती 'एनेबल्ड' केली की बायोस यूएसबी की-बोर्डला पीएस/२ की-बोर्ड असल्यासारखं दाखवतो. मग डॉस, एफ ८ चा मेनू, विंडोजचं इन्स्टॉलेशन, सगळीकडे तो चालतो.

अडचण अशी की ही सेटिंग चालू करायला बायोसमध्ये जावं लागतं, आणि बायोसमध्ये जायला की-बोर्ड लागतो. त्या एका वेळेपुरता कोणाकडून तरी पीएस/२ की-बोर्ड मागून आणा. दुसरा रस्ता नाही.

याच्याच पोटातला एक प्रसंग नीट लक्षात ठेवा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग तो सांभाळतो. सेल संपला की सेटिंग मूळपदावर जातात, आणि पुष्कळ जुन्या बोर्डांवर मूळपदावर यूएसबी की-बोर्ड सपोर्ट बंद असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रेस महिनाभर बंद, मेन स्विच पाडलेला. जूनमध्ये मशीन लावलं तर पडद्यावर 'प्रेस एफ १ टू कंटिन्यू'. आणि एफ १ दाबायला की-बोर्डच चालत नाही! मालक म्हणतात मदरबोर्ड गेला. काही गेलेलं नसतं. मशीन बंद करून प्लग काढा, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडेही मिळतो तो सेल बदला, पीएस/२ की-बोर्ड लावून तारीख-वेळ आणि ती एक सेटिंग भरा. त्याच मेनूत 'हॉल्ट ऑन' असेल तर तिथे 'ऑल, बट की-बोर्ड' निवडा, म्हणजे की-बोर्ड न दिसल्याने मशीन अडून बसणार नाही.

पोर्टच नाहीत म्हणून मदरबोर्डच्या खाचेत यूएसबीचं पीसीआय कार्ड बसवलं. त्यावर बायोसमध्ये की-बोर्ड चालेल?

सहसा नाही. जुन्या बायोसला फक्त बोर्डावरचे स्वतःचे पोर्ट कळतात. विंडोजमध्ये मात्र ते कार्ड उत्तम काम देईल.

मुलाने रंगीबेरंगी दिव्यांचा गेमिंग की-बोर्ड आणला आहे. चालेल का?

चालतो, पण त्याच्या दोन खोड्या माहीत हव्यात.

पहिली, बोलण्याची. बायोसला कळतो तो यूएसबी की-बोर्डचा अगदी प्राथमिक प्रकार, एका वेळी सहा बटणं आणि सोबत शिफ्ट-कंट्रोलसारखी जोडबटणं. गेमिंग की-बोर्ड एकाच वेळी सगळी बटणं ओळखावीत म्हणून स्वतःला दोन-तीन उपकरणांच्या रूपात ओळख देतात, आणि जुना बायोस तिथे गोंधळतो. काही की-बोर्डांना यासाठी वेगळा 'बायोस मोड' असतो, कुठे मागे बटण तर कुठे दोन कळा एकत्र दाबून. माहितीपत्रकात ते शोधा. कन्व्हर्टरमागे हा की-बोर्ड लावायचा असेल तरी हाच मोड उपयोगी पडतो.

दुसरी, विजेची. यूएसबी २.० च्या पोर्टकडून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मागता येतात, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबच्या प्रत्येक तोंडावर फक्त १००. सगळे दिवे पूर्ण तेजाने लावणारा की-बोर्ड हबवर अडखळला तर दोष की-बोर्डचा नाही. त्याला थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या पोर्टांची आतली वायर जुनी आणि सैल असते, तिच्यावर विसंबू नका. पीएस/२ कन्व्हर्टरवर तर दिवे बंदच ठेवा. त्या सॉकेटमागची तार एवढ्या ओझ्यासाठी कधी आखलीच नव्हती.

दिवे आणि मॅक्रो (एका बटणावर बसवलेली कळांची मालिका) ठरवण्याचं कंपनीचं सॉफ्टवेअर एक्सपीवर चालत नाही. तो की-बोर्ड आधी नव्या लॅपटॉपला लावा, हवं ते ठरवा आणि की-बोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठवा. ती सोय असेल तर मग तो जुन्या मशीनला लावल्यावरही तसाच वागतो.

वायरलेस की-बोर्ड?

छोटा डोंगल सोबत येतो तो चालतो. संगणकाच्या दृष्टीने तो डोंगल म्हणजे साधा यूएसबी की-बोर्डच, त्यामुळे वर सांगितलेली सेटिंग चालू असेल तर बहुधा बायोसमध्येही दिसतो. ब्लूटूथवाला नको. ब्लूटूथ जागं होतं विंडोज उठल्यानंतर, आणि जुन्या मशीनला अडचण येते ती त्याआधीच.

एक बारीक गोष्ट सांगतो, यात माझा एक अख्खा तास गेला होता. अलीकडच्या वायरलेस की-बोर्डांवर वरच्या ओळीतली बटणं मुळात आवाज आणि उजेड कमी-जास्त करतात. एफ २, एफ ८ मिळवायला सोबत एफएन दाबावं लागतं. बायोसला आवाजाचं बटण कळत नाही, तो गप्प बसतो आणि आपण डोंगलला दोष देतो.

चालू मशीनवर की-बोर्डची पिन काढली-लावली तर काय होतं?

यूएसबीची काढा खुशाल. पीएस/२ ची आणि एटीची नको.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. धंतोलीतल्या एका ऑफिसात घाईघाईत चालू मशीनला पीएस/२ चा प्लग खुपसला. वाकडा गेला, किंचित टिक झालं, आणि मग ना की-बोर्ड चालला ना माउस. मशीन बाकी ठणठणीत, फक्त ही दोन सॉकेटं मेलेली. बोर्ड उघडून भिंगाखाली पाहिलं तर सॉकेटजवळ तांदळाच्या दाण्याहून लहान एक फ्यूज होता, शेजारी एफ १ छापलेलं. मल्टिमीटर लावला तर तो आरपार तुटलेला. की-बोर्डला जाणारे पाच व्होल्ट त्यातूनच जात होते. तेवढाच फ्यूज बदलून मशीन परत मिळालं, पण त्या ऑफिसचा एक दिवस माझ्यामुळे गेला आणि मला ते अजून लागतं. तेव्हापासून पीएस/२ ला हात लावण्याआधी मी भिंतीवरचा स्विच बंद करतो.

तुमच्याकडे असं झालं असेल तर "बोर्ड बदला" म्हणणाऱ्याला आधी हा फ्यूज तपासायला सांगा. जांभळ्याच्या जागी हिरवा प्लग लावला एवढ्याने मात्र सहसा काही बिघडत नाही. मशीन बंद करून जागा बदला.

आमचं सगळं काम मराठी टायपिंगचं आहे. कोणता नवा की-बोर्ड घ्यावा?

इथे मी थोडा आग्रही आहे, कारण चुकीचा की-बोर्ड घेऊन पस्तावलेले लोक मी पाहिलेत.

आधी एक गैरसमज दूर करतो. की-बोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाची जागा पाठवतो. त्या जागेवर मराठी क उमटवायचा की इंग्रजी के, हे मशीनमधलं सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून बटणांवर देवनागरी छापलेली असण्याची काही गरज नाही. मराठी टायपिंगसाठी कृतीदेव फॉन्ट असो, श्रीलिपी किंवा आयएसएम सॉफ्टवेअर असो, नव्या की-बोर्डवर तुमची बोटं जिथे जात होती तिथेच जातील.

आता महत्त्वाचं. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं बटणावर नसतातच. ती ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांच्या पाटीवर चार अंक टाइप करून काढतात. टायपिस्टांना ते आकडे तोंडपाठ असतात, बघावंही लागत नाही. हे अंक वरच्या ओळीतल्या आकड्यांनी चालत नाहीत, नंबर पॅडच लागतो. आणि हल्ली दिसायला देखणे, जागा कमी खाणारे जे की-बोर्ड येतात त्यांना नंबर पॅडच नसतो. कोर्टाजवळच्या एका काकांना त्यांच्या मुलाने असा महागडा की-बोर्ड वाढदिवसाला दिला. अर्जाच्या पहिल्याच ओळीत काका अडकले. आम्ही त्यांना वेगळा यूएसबी नंबर पॅड आणून दिला. डाव्या हाताने नव्या की-बोर्डवर ऑल्ट, उजव्या हाताने पॅडवर अंक. विंडोज दोन्ही एकाच की-बोर्डचे समजतं, त्यामुळे बरोबर चाललं. मुलाचं प्रेमही राहिलं आणि अर्जही गेला. पण नवीनच घ्यायचा असेल तर १०४ बटणांचा पूर्ण की-बोर्ड घ्या. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यांनीही.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर हात बसलेल्यांना, मराठी ३० किंवा ४० ची तयारी करणाऱ्यांना, खटखट आवाज करणारा मेकॅनिकल की-बोर्ड मनापासून आवडतो. बटण कुठे लागलं ते बोटाला कळतं. टीव्हीएस गोल्ड हा आपल्याकडचा त्यातला जुना, भरवशाचा प्रकार. तो यूएसबी आणि पीएस/२ अशा दोन्ही रूपांत निघाला आहे. पीएस/२ वाला मिळाला तर या पानावरचे निम्मे प्रश्न तुमच्यापुरते मिटले.

एक्सपीवर युनिकोड मराठी टाइप करायची असेल तर 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' मध्ये जाऊन दुसऱ्या टॅबवर गुंतागुंतीच्या लिपींच्या फाइल बसवण्याची खूण करावी लागते. त्याला एक्सपीची सीडी लागते, आधी ती शोधून ठेवा. मग मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरलेली कळांची मांडणी, जोडता येतो.

रुपयाचं चिन्ह विचारतात. ते स्वीकारलं गेलं २०१० मध्ये, एक्सपी त्याच्या कितीतरी आधीचा. नव्या की-बोर्डवर चारच्या बटणावर ₹ छापलं असलं तरी एक्सपीला ते बटण म्हणजे नुसता चार. पत्रिकेत किंवा बिलात चिन्ह हवं असेल तर ज्या फॉन्टमध्ये ते काढलेलं आहे तो फॉन्ट बसवा.

माउसचं काय?

नियम तेच, त्रास कमी. डॉसवर चालणाऱ्या जुन्या हिशेबाच्या मशीनला नऊ पिनांचा सिरियल माउस लागतो आणि त्याला क्यूटमाउससारखा ड्रायव्हर. यूएसबी माउसला नऊ पिनांचं तोंड लावून तो चालत नाही, इथेही आत चिप हवी. एक्सपीवर नवा माउस फार पळत असेल तर माउसवरचं डीपीआयचं बटण दाबून वेग कमी करा.

जुना डबा-मॉनिटर गेला. नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय आहे, मशीनला व्हीजीए.

पुन्हा दिशेचा प्रश्न. मशीनकडे व्हीजीए आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तर 'व्हीजीए टू एचडीएमआय' हवा, आणि त्याला विजेसाठी यूएसबीची शेपटी असते. उलट्या दिशेचा दिसायला तसाच असतो, पण काम देत नाही. मशीनला पांढरं, रुंद डीव्हीआय सॉकेट असेल तर नशीबवान आहात. त्यातून डिजिटल सिग्नल येत असेल तर साधी डीव्हीआय ते एचडीएमआय वायर पुरते.

मॉनिटर बदलल्यावर पहिला लोगो दिसतो आणि विंडोज उघडताच 'आउट ऑफ रेंज' येतं, अशी तक्रार असते. डबा-मॉनिटरवर डोळ्यांना त्रास नको म्हणून कुणीतरी ८५ हर्ट्झ ठेवलेलं असतं, आणि नव्या पडद्याला बहुधा ६० लागतात. एफ ८ दाबून 'व्हीजीए मोड' किंवा सेफ मोडमध्ये शिरा, ६० हर्ट्झ करा. यासाठीही चालता की-बोर्ड लागतो, हे ओघानेच आलं.

आमचं सॉफ्टवेअर मशीनच्या मागे पॅरलल पोर्टात (जुन्या प्रिंटरच्या सॉकेटात) लावलेल्या हार्डवेअर लॉकवर चालतं, तो ठोकळा नसेल तर उघडतच नाही. यूएसबी ते पॅरलल वायर घेऊन लॉक नव्या मशीनला लावता येईल का?

नाही. ती वायर फक्त प्रिंटरसाठी असते, मशीनला ती खरा पॅरलल पोर्ट देत नाही. लॉक थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतो, तो तिच्यातून बोलू शकत नाही. पीसीआयचं पॅरलल कार्ड लावून काही लॉक चालतात, काही नाही, कारण कार्डाचा पत्ता बोर्डावरच्या ३७८ पेक्षा वेगळा असतो. विकत घेण्याआधी कुणाकडून तरी आणून लावून बघा. डीटीपीवाल्यांचं जुनं मशीन टिकवण्यात माझा एवढा जीव अडकतो, त्याचं मोठं कारण हा लॉक आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र त्या वायरवर विंडोजमधून छापतो. डॉसमधून एलपीटी १ ला, म्हणजे थेट पॅरलल पोर्टला, छापणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला जास्तीची खटपट करावी लागते.

नवा पेनड्राइव्ह लावला की एक्सपी "फॉरमॅट करायचा का?" विचारतं.

थांबा, 'येस' म्हणू नका. ६४ जीबी आणि त्यापुढचे बरेच पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, आणि वेगळं अपडेट टाकल्याशिवाय एक्सपीला ती कळत नाही. आत लग्नाचे फोटो असले तरी त्याला तो कोरा वाटतो. एका 'येस' मध्ये सगळं जातं. जुन्या मशीनसाठी ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, फॅट३२ मध्ये. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, एवढीच मर्यादा. विंडोज ९८ ला पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो.

मोबाइलचा हेडफोन जुन्या मशीनला लावला तर माइक चालत नाही.

मोबाइलच्या पिनेवर ऐकणं आणि बोलणं एकत्र असतं, मशीनला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं. दोन पिनांचा स्प्लिटर घ्या.

उन्हाळ्यात की-बोर्ड जास्त का बिघडतात?

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि आपण कूलर लावतो. टेबल बहुतेक वेळा कूलरच्या समोरच असतं. तो ओला वारा आणि रस्त्यावरची धूळ मिळून बटणांखाली चिखल करतात, आणि पीएस/२ च्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. की-बोर्ड मध्येच अक्षरं गाळतो किंवा एकच अक्षर ओळभर उमटवतो, तेव्हा आधी पिन बघा. मशीन बंद करून कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. नव्या कन्व्हर्टरवर पैसे घालण्याआधी हे करून बघा. टेबल कूलरच्या धारेतून बाजूला घ्या. रात्री की-बोर्डवर एखादा रुमाल टाका.

एक्सपीचं मशीन इंटरनेटला जोडू का?

नको. मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद केले. टायपिंग, छपाई, हिशेब यासाठी ते बिनधास्त वापरा. ईमेल आणि बँक दुसऱ्या मशीनवर. फाइल पेनड्राइव्हवरून न्या, आणि नव्या मशीनवर तो आधी स्कॅन करा.

नवा की-बोर्ड लागला, सगळं चालतं. जुना पीएस/२ की-बोर्ड भंगारात देऊ?

देऊ नका. त्याची चार बटणं बसलेली असली तरी एफ १, डिलीट, एंटर आणि बाण चालतात ना? मग सेल संपेल त्या दिवशी तोच लागणार आहे. पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. आणि सीपीयूच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा. मी लावतो तिच्यावर एवढंच असतं: "सेल बदलला त्याची तारीख. बायोसमध्ये यूएसबी की-बोर्ड सपोर्ट: एनेबल्ड. जुना की-बोर्ड माळ्यावर, डाव्या कोपऱ्यात. लावण्याआधी मेन स्विच बंद."